केरसुणीचें काव्य

घरची झाडलोट हीच एक साधना होय, असें सांगणारे निबंध अलीकडे वारंवार वाचावयास मिळतात. कोपरा झाडला कीं मनहि झाडलें जातें, असा त्यांचा एकंदर सूर असतो. विचार सुंदर आहे, जुना आहे, आणि म्हणूनच तो एकदां तपासून घेतला पाहिजे.

इंग्रजी वाचलेल्यांस या प्रसंगीं जॉर्ज हर्बर्टची 'एलिक्झर' ही कविता आठवेल. 1633 सालीं, कवीच्या मृत्यूनंतर, 'द टेंपल' या संग्रहांत ती प्रसिद्ध झाली. ईश्वराप्रीत्यर्थ खोली झाडणाऱ्या नोकराचे कष्टहि दिव्य होतात, असा तिचा आशय. ती वर्गांत शिकवीत असतां भातकुलीकडच्या एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, हर्बर्ट स्वतः झाडत होता काय?" वर्ग हंसला, आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. उमराव घराण्यांत जन्मलेला, केंब्रिज विद्यापीठाचा वक्ता आणि पुढें खेड्यांतला धर्मोपदेशक झालेला हा कवि भक्त म्हणून थोर खराच. पण त्याच्या कवितेंत झाडू दुसऱ्याच्या हातीं आहे.

जनाबाईच्या नांवावरील अभंगांत ही अडचण उरत नाहीं. नामदेवांच्या घरची ही दासी स्वतः झाडते आणि स्वतःच बोलते. विठ्ठल येतो तो उपदेश करावयास नव्हे. तो केर भरतो, टोपली उचलतो, जात्याला हात लावतो. यांतले मूळचे तिचे अभंग किती, हा विद्वानांचा वाद तूर्त बाजूस ठेवूं. आम्हांस मोलाचें वाटतें तें हें कीं, येथें केर केरच राहतो. त्याला उकिरडाच दाखवावा लागतो. झाडणारीचें एकटेपण तेवढें जातें. हर्बर्टच्या नोकराला असा सोबती कोणी मिळत नाहीं, आणि म्हणून जनाबाईचें काव्य आम्हांस अधिक खरें वाटतें.

गाडगेबाबांपाशीं (1876–1956) तर रूपकच संपतें. भातकुली तालुक्यांत पूर्णेच्या कांठीं ऋणमोचन आहे; पौषांतल्या रविवारीं तेथें यात्रा भरते. यात्रेकरूंचे हाल पाहून बाबांनीं तेथें घाट बांधविला. दिवसा खराट्यानें गांव झाडावा आणि रात्रीं त्याच गांवांत कीर्तन करावें, हा त्यांचा क्रम. तो खराटा म्हणजे अंतःकरण झाडण्याची खूण, असा अर्थ लावणारे पुष्कळ भेटतात. आम्हांस तो पटत नाहीं. अंतःकरणाविषयीं जें सांगावयाचें तें बाबा कीर्तनांत उघड सांगत: कर्ज काढूं नका, दारू पिऊं नका, देवापुढें बकरीं कापूं नका, शिवाशीव सोडा, पोरांस शाळेंत घाला. खराट्यानें ते रस्ता झाडीत.

नव्या निबंधांचे लेखक ध्यानस्थ होऊन मेज पुसतात. न्हाणीची मोरी कोण घासतें, याचा मात्र त्यांत पत्ता लागत नाहीं. अर्थात् आमची स्थिति फारशी निराळी नाहीं. गेल्या रविवारीं ओशाळून आम्हीं केरसुणी हातीं घेतली, तों आमच्या कुटुंबानें ती काढून घेतली. कपाटाखालचा केर तसाच राहिला होता.