‘दुविधा’ आणि ‘पहेली’ : हुंकाराचा प्रश्न

एखाद्या चित्रपटाविषयी समीक्षक आणि प्रेक्षक यांची मते टोकाची वेगळी पडली, की त्याचे खापर बहुधा अभिरुचीवर फोडले जाते. प्रेक्षकांची अभिरुची अप्रगल्भ किंवा समीक्षकांची कृत्रिम, असे म्हटले की चर्चा संपते. एकाच कथेवरील दोन चित्रपट शेजारी ठेवले असता हे स्पष्टीकरण अपुरे असल्याचे दिसते.

विजयदान देथा यांनी राजस्थानी लोककथेच्या आधारे लिहिलेल्या कथेवर मणी कौल यांनी १९७३ मध्ये ‘दुविधा’ आणि अमोल पालेकर यांनी २००५ मध्ये ‘पहेली’ हा चित्रपट केला. लग्नाच्या हिशेबात गढलेला सावकारपुत्र नववधूला घरी सोडून पाच वर्षांसाठी व्यापाराला जातो. तिच्यावर अनुरक्त झालेले भूत त्याचे रूप घेऊन घरात येते. मात्र तिला सत्य सांगून निर्णय तिच्यावर सोपवते. ती भुताचा स्वीकार करते. पुढे खरा पती परततो आणि एक मेंढपाळ भुताला युक्तीने कातडी पिशवीत कोंडतो.

‘दुविधा’ला दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तरी हा चित्रपट व्यावसायिक चित्रगृहांच्या परिघाबाहेरच राहिला. शिवाय त्याविषयीची नापसंती सामान्य प्रेक्षकांपुरती मर्यादित नव्हती. सत्यजित राय यांनीही १९७४ मध्ये या चित्रपटावर प्रतिकूल लिहिले. म्हणजे ही फूट जाणकार आणि अजाण यांच्यातील नव्हती. तिचे मूळ कथनाच्या रीतीत शोधावे लागते.

राजस्थानात ‘बात’ सांगणाऱ्यासमोर हुंकारा देणारा श्रोता असतो; मराठी घरांतही गोष्ट ऐकणाऱ्याने ‘हूं’ म्हणत राहण्याची रीत आहे. हा हुंकार म्हणजे कथनातील श्रोत्याचा वाटा होय. कौल यांनी हा वाटा जवळजवळ काढून घेतला. निवेदकाचा अलिप्त स्वर, गोठवलेल्या चित्रचौकटी आणि भावदर्शन टाळणारा अभिनय यांमुळे प्रेक्षकाला परिचित जागी प्रतिसाद देता येत नाही. या मौनात ज्याला वधूचे एकाकीपण ऐकू येते, त्याला चित्रपट असामान्य वाटतो. ज्याचा हुंकार ओठांवरच अडतो, त्याला तो कोरडा वाटतो. दोघांचाही अनुभव खोटा नाही.

पालेकरांनी हुंकाराची जागा परत दिली. कथा सांगणाऱ्या कठपुतळ्या, गाणी आणि लोकप्रिय नटनटी यांच्याद्वारे प्रेक्षक पुन्हा कथनात सामील होतो. महत्त्वाचा बदल शेवटी येतो. ‘दुविधा’त भूत कोंडले जाते आणि वधू नवऱ्याच्या घरी उरते. ‘पहेली’त भूत पतीच्याच शरीरात शिरते आणि दोघांचे मीलन होते. भारताची ऑस्करसाठीची अधिकृत प्रवेशिका म्हणून निवडल्या गेलेल्या या चित्रपटावर, त्याने मूळ लोककथेचा दाहक प्रश्न सौम्य केला, असा आक्षेप घेता येतो.

हा आक्षेप तपासून घ्यावा लागतो. इच्छापूर्ती आणि सुखान्त लोककथेला परके नाहीत. ‘दुविधा’तील अनुत्तरित शेवट ज्या दृष्टीतून येतो, ती मौखिक परंपरेइतकीच देथांच्या आधुनिक लेखणीची आहे. म्हणून ‘पहेली’ लोककथेशी प्रतारणा करते, असे म्हणणारा समीक्षक देथांची आधुनिकता लोकपरंपरेच्या नावे जमा करतो.

तथापि ‘पहेली’च्या बाजूने एवढे मान्य केले तरी एक उणीव उरते. तुला काय हवे, असे वधूला आयुष्यात एकदाच विचारले गेले आणि तेही भुताने. खरा पती कोण याचा निवाडा करताना तिला कोणीच विचारत नाही. ‘दुविधा’ हे न विचारणे उघडे ठेवतो. ‘पहेली’त तिला हवे ते मिळते, परंतु तेही भुताच्या चातुर्यामुळे, तिच्या शब्दामुळे नव्हे. प्रेक्षकाचा हुंकार पूर्ण होतो, वधूचा मात्र राहून जातो.

याउस यांच्या अपेक्षाक्षितिजाच्या संकल्पनेने या दुभंगाचा एक भाग उलगडतो. नवी कृती रूढ अपेक्षांपासून जितकी दूर जाते, तितका स्वीकार अवघड होतो. येथे मात्र क्षितिजे दोन आहेत : एक मौखिक कथनाचे, दुसरे आधुनिक कथेचे, आणि मूळ संहिता दोहोंच्या सीमेवर उभी आहे. अशा संहितेवरील चित्रपट प्रेक्षकवर्गात फूट पाडतो, कारण तिच्यातील एका क्षितिजाची निवड करणे त्याला भाग पडते. म्हणून रूपांतराच्या तौलनिक अभ्यासात मूळाशी निष्ठा किती, या प्रश्नाआधी हुंकार देण्याचा अधिकार कोणाला मिळाला आणि कोणाला नाकारला गेला, हे पाहणे अधिक फलदायी ठरेल.