बासरी कोणाच्या हाती द्यायची?

विजयनगरमचे महाराजकुमार, म्हणजे क्रिकेटमधले 'विझी', यांचं नाव निघालं की आपल्याकडे लोक हसायला लागतात. १९३६च्या इंग्लंड दौऱ्यात ते भारताचे कर्णधार. तीन कसोटी, एकूण धावा ३३, सरासरी ८.२५. त्याच दौऱ्याच्या काळात त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. आहे खरं हसण्यासारखं. पण माझी तक्रार या हसण्याबद्दलच आहे. हसून आपण प्रश्न टाळतो.

ॲरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स'मध्ये एक साधा दाखला दिला आहे. उत्तम बासऱ्या कोणाला द्यायच्या? उच्च कुळातल्याला की देखण्याला? तो म्हणतो, जो उत्तम वाजवतो त्याला. कुलीनपणा ही बासरीपेक्षा मोठी गोष्ट असेलही. पण वादनात तिचा काही उपयोग नाही.

आता विझींची बाजू मांडू. हा माणूस क्रिकेटवेडा होता, यात शंका नाही. १९३०-३१मध्ये त्यांनी हॉब्ज आणि सटक्लिफ यांना स्वतःच्या संघातून खेळायला भारतात आणलं. हे बासरी विकत घेणं झालं, आणि त्याचं मोल आहेच. शिवाय त्या काळी असा युक्तिवाद होता की संघात इतके धर्म, इतके प्रांत. राजघराण्यातला माणूस या सगळ्यांच्या वर राहील. कर्णधारपद म्हणजे नुसती फलंदाजी नव्हे, हेही मान्य.

पण बघा काय झालं. वर राहायचं सोडून कर्णधारच गटबाजीच्या मध्यभागी जाऊन बसला. लाला अमरनाथ, म्हणजे १९३३मध्ये मुंबईत पदार्पणातच शतक करणारा खेळाडू, यांना पहिल्या कसोटीआधीच बेशिस्तीच्या आरोपाखाली बोटीने परत पाठवलं. पुढे ब्यूमाँट समितीने चौकशी केली आणि विझींच्या नेतृत्वावर ताशेरे ओढले.

कोणी म्हणेल, काळच तसा होता. नाही. चारच वर्षं आधी, १९३२मध्ये, पोरबंदरचे महाराज कर्णधार म्हणून गेले होते. त्यांनाही बॅट फारशी वश नव्हती. पण लॉर्ड्सच्या पहिल्या कसोटीला ते बाजूला झाले आणि नेतृत्व आपल्या नागपूरच्या सी. के. नायडूंकडे आलं. म्हणजे मान एका ठिकाणी आणि काम दुसऱ्या ठिकाणी ठेवता येतं, हे त्या काळातल्याच एका राजाला कळलं होतं.

आता मूळ मुद्दा. पळवणकर बाळू आठवा. पुण्यात साहेबांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करता करता ते नेटमध्ये गोलंदाजी करत. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. त्या संघाचे कर्णधार होते पतियाळाचे महाराज. बाळू चर्मकार समाजातले. पुण्यात त्यांना चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांच्या वाट्याला कधीच आलं नाही. ते आलं १९२३मध्ये त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठल यांना.

विझींना जे मिळालं आणि बाळूंना जे नाकारलं गेलं, त्यामागचं तत्त्व एकच आहे. जन्म ही पात्रता मानली की एकाला न वाजवता बासरी मिळते आणि दुसऱ्याला वाजवूनही मिळत नाही. विझींना हसणं सोपं, कारण त्यात आपलं काही जात नाही. बाळूंकडे बघितलं की ते हसू घशात अडकतं. कारण तिथे कोणी राजा नव्हता, आपणच होतो.

विझी पुढे १९५४मध्ये नियामक मंडळाचे अध्यक्ष झाले. संस्थानं तोवर विलीन झाली होती. पदं वाटण्याची आपली सवय मात्र विलीन झाली नाही. आपापल्या संस्थेत, विद्यापीठात, घरात बासरी कोणाच्या हाती आहे, एवढं आज जाऊन बघा.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.