उजेडाने सैलावणारी धमनी

औषधशास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट म्हटले की १९८० चा ‘नेचर’मधला निबंध आठवतो आणि १९९८ चे नोबेल. मला त्यांचा त्याआधीचा एक निबंध जास्त जवळचा वाटतो. तो दोन सहकाऱ्यांसह लिहिलेला, १९६१ मध्ये ‘जर्नल ऑफ जनरल फिजिऑलॉजी’त आला. विषय एवढाच, की सशाच्या महाधमनीचा स्नायू उजेडाने सैल पडतो.

प्रयोग डोळ्यांपुढे आणावा. महाधमनी मळसूत्रासारखी तिरपी कापून तिची लांब पट्टी काढायची, ती क्षारांच्या कोमट द्रावणात टांगायची आणि औषध घालून आखडवायची. मग तिच्यावर प्रकाशझोत टाकायचा. पट्टी सैलावत जाते आणि एका पातळीवर स्थिरावते. झोत बंद केला की पुन्हा आखडते. म्हणजे उजेडाने पट्टीला इजा झालेली नाही. या परत आखडण्यातच निबंधाचा जीव आहे.

पुढची पायरी फार सुरेख आहे. पट्टी कोणत्याही औषधाने आखडवा, उजेडापुढे ती सैलावतेच. वेगवेगळी रोधक औषधे घातली तरी फरक पडत नाही. म्हणजे उजेड एखाद्या औषधाच्या वाटेत आडवा येत नाही. तो स्नायूच्या आतच काहीतरी घडवतो. जांभळ्याकडून अतिनील किरणांकडे जावे तसा परिणाम वाढतो, हेही लेखक मोजून दाखवतात. पण ते ‘काहीतरी’ म्हणजे काय, याचा ओढूनताणून खुलासा करत नाहीत. हा संयम मला थोर वाटतो.

उत्तर बरेच उशिरा आले. १९८० च्या निबंधातला, धमनीच्या आतल्या अस्तरातून पाझरणारा, स्नायू सैलावणारा पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, असे फर्चगॉट यांनी १९८६ मध्ये सुचवले. हिमोग्लोबिन त्या पदार्थाला अडवते, आणि उजेडाने होणारे सैलावणेही अडवते. आज असे मानतात, की नायट्राइटसारख्या साठ्यांतून उजेड हाच वायू मोकळा करतो. म्हणजे ज्या रेणूसाठी पुढे नोबेल मिळाले, त्याचे काम या पट्टीवर १९८६ च्या पंचवीस वर्षे आधीच नोंदले गेले होते.

रुग्णालयातही हे रसायन भेटते. रक्तदाब झटपट उतरवायला सोडियम नायट्रोप्रुसाइड शिरेतून देतात. त्यात लोखंडाच्या अणूभोवती पाच सायनाइड आणि एक नायट्रिक ऑक्साइड असतो. उजेडात हा रेणू बाटलीतच फुटू लागतो, म्हणून सिस्टर तिला फॉइल गुंडाळतात. द्रावण निळे पडले तर ते फेकूनच द्यायचे. हाच दोष गुण मानून, हव्या त्याच जागी उजेड टाकून नायट्रिक ऑक्साइड सोडणारी रुथेनियमची संयुगे रसायनज्ञ घडवत आहेत.

शरीरक्रियाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी १९८० च्या निबंधाआधी हा १९६१ चा निबंध वाचावा, आणि आकृत्या सावकाश पाहाव्यात.