आतडी बाहेर काढलेली इमारत

पॅरिसचं पोम्पिदू केंद्र १९७७ साली उघडलं तेव्हा तिथल्या पांढरपेशांनी त्याला 'रिफायनरी' म्हणून हिणवलं. मला काही ती शिवी वाटली नाही. मी सूतगिरणीत राबतो. डोक्यावर हवेची डक्ट, भिंतीवर केबल, पाइप, ही माझी रोजची वास्तू. फोटो आणि नकाशे पुढं ठेवून लिहितोय, पॅरिसला गेलेलो नाही, हे आधीच कबूल करतो.

रेंझो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स. १९७१ साली ६८१ योजनांमधून यांची निवड झाली. सदरा उलटा करावा तशी त्यांनी इमारत उलटी केली. निळा पाइप हवेचा, हिरवा पाण्याचा, पिवळा विजेचा आणि लाल रंग माणसांच्या ये-जा करण्याचा. सगळं बाहेर टांगलं, म्हणून आत ४८ मीटर रुंदीत एकही खांब नाही. दोस्तांनो, आपल्या गावात सांडपाण्याची वाट कायम मागं, आणि त्या मागच्याही मागं आपली वस्ती. म्हणून लपवायचंच नाही म्हणणारी ही इमारत मला पहिल्या फोटोतच आपली वाटली.

पण नीट बघा. पाइपांचा पसारा रेनार रस्त्याच्या अंगाला आणि चौकाच्या अंगाला काचेच्या नळीतून चढणारा सरकता जिना. पुढचं-मागचं हिलाही सुटलेलं नाही.

मजल्यांचा भार पेलणारे पोलादी सांधे जर्मनीत ओतले, एकेक सुमारे १० टनांचा. इंजिनियर पीटर राइसचं म्हणणं असं, की ओतीव पोलादात करणाऱ्याच्या हाताची खूण राहते. खरंय. पण मी वाचलं त्यात नाव राइसचं सापडतं, साचा भरणाऱ्याचं नाही.

आणि जमीन? तिथं गरिबांची दाट वस्ती होती. क्षयरोगाची म्हणून 'आरोग्यास अपायकारक विभाग क्रमांक १' असा शिक्का मारून सरकारनं ती १९३०च्या दशकात पाडली. मग कित्येक वर्षं तिथं मोटारी उभ्या राहायच्या. सौंदर्यावर पानंच्या पानं लिहिणारे हे एका ओळीत उरकतात साले.

तरी या दोघांनी एक काम जबर केलं. निम्मी जागा मोकळी सोडली, चौक म्हणून. तिथं डोंबारी खेळ करोत, नाहीतर कुणी नुसतं बसो. ग्रंथालयात कुणीही फुकट शिरावं. आणि तो जिना! तिकीट न काढता कुणीही वर जावं, अख्खं पॅरिस बघावं. माझ्या मते हीच तिची खरी वास्तुकला, पाइप नव्हेत. २००० साली डागडुजीनंतर त्या जिन्याला तिकीट लागलं. रंग तेच, पोलाद तेच, इमारत मात्र दुसरीच झाली.

२०२५ पासून ती दुरुस्तीसाठी बंद आहे. अ‍ॅस्बेस्टॉस काढायचं आहे, २०३० साली पुन्हा उघडायचा बेत आहे. नव्या रंगाचे फोटो छापतीलच. ते अ‍ॅस्बेस्टॉस खरवडणाऱ्यांचेही छापा म्हणावं, तोंडावरच्या फडक्यासकट.