९८ विरुद्ध २३: एका जाहिरातीचं गणित

ऑक्टोबर २०११. अमेरिकेतल्या ‘सुझन जी. कोमेन’ या संस्थेने मॅमोग्राफीची जाहिरात केली: स्तनाचा कर्करोग लवकर सापडला तर पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ९८ टक्के, नाहीतर २३. वाटतं ना, एवढा सगळा फरक तपासणीमुळेच पडतो? जरा थांबा.

समजा, एक बाई या रोगाने ७०व्या वर्षी जाणार आहे. गाठ ६७व्या वर्षी हाताला लागली, तर ती निदानानंतर तीनच वर्षं जगली. तीच गाठ ६४व्या वर्षी मॅमोग्राफीत दिसली, तर सहा वर्षं! म्हणजे ‘पाच वर्षं जगलेल्यां’त तिची गणती झाली, मरण मात्र ७०लाच. यालाच लीड-टाइम बायस म्हणतात.

२०१२मध्ये वोलोशिन आणि श्वार्ट्झ यांनी ‘बीएमजे’त नेमकं यावर बोट ठेवलं. पन्नाशीतल्या बाईचा पुढच्या दहा वर्षांत या रोगाने मरण्याचा धोका तपासणीमुळे ०.५३ टक्क्यांवरून ०.४६वर येतो, असं त्यांनी मांडलं. फायदा आहे, पण छोटा. शिवाय जाहिरातीत तपासणीच्या तोट्यांचा उल्लेखच नव्हता.

जनसंपर्कवाल्यांचा हेतू चांगलाच असेल, पण बाईला निर्णय घ्यायला लागणारी माहितीच त्यांनी गाळली. उद्या तुमच्या संशोधनाची प्रेसनोट कुणी लिहायला घेतली, तर आधी विचारा: मृत्युदर किती कमी झाला?