स्थलांतर, स्थापना आणि स्मृती : शंतनुराव किर्लोस्करांच्या आत्मवृत्तातील यंत्रज्ञ पिता

महाराष्ट्रात यंत्रविद्या कशी रुजली ह्याचा विचार आर्थिक इतिहासाच्या अंगाने अनेकदा झालेला आहे. परंतु यंत्रविद्येला वाहून घेतलेल्या माणसाच्या घरी मूल म्हणून वाढणे म्हणजे काय, आणि पित्याच्या कार्यासाठी ज्या घराला वारंवार जागा बदलावी लागली त्या घराची आठवण कोणत्या रूपाने शिल्लक राहते, ह्या प्रश्नांकडे वाङ्मयसमीक्षेने फारसे लक्ष पुरविलेले नाही. ह्या दृष्टीने शंतनुराव किर्लोस्कर ह्यांचे १९८२ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेले ‘कॅक्टस अँड रोझेस’ हे आत्मवृत्त विचारात घेण्याजोगे आहे. ते सामान्यतः एका उद्योगपतीच्या यशाची कथा म्हणून वाचले जाते. प्रस्तुत लेखात त्याचा विचार पुत्राने पित्याविषयी जपलेल्या स्मृतीचा ग्रंथ म्हणून करावयाचा आहे.

पित्याचा वृत्तांत प्रथम थोडक्यात पाहणे अवश्य आहे. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर ह्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकत असता रंगांची पारख करण्यात दृष्टिदोष आड येतो असे आढळून आले, तेव्हा ते यांत्रिक रेखनाकडे वळले व व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत त्याच विषयाचे शिक्षक झाले. तेथे बढतीच्या वेळी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाची निवड झाली आणि लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. बेळगावात बंधू रामूअण्णा ह्यांच्यासह सायकलींचे दुकान पूर्वीच, १८८८ साली, सुरू झालेले होते. त्यातूनच पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर निघाला. लोखंडाने जमिनीला विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने प्रारंभी ह्या नांगराला गिऱ्हाईक मिळत नसे. व्यवसाय थोडा स्थिरावतो न स्थिरावतो तोच नगरपालिकेला वाढीसाठी जागा हवी म्हणून कारखाना हलविण्याची वेळ आली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी आपल्या संस्थानात, कुंडल रोड स्थानकाजवळ, निवडुंगाने भरलेला एक उजाड माळ देऊ केला. १९१० साली तेथे जी वसाहत उभी राहिली तीच किर्लोस्करवाडी होय.

शंतनुरावांचा जन्म २८ मे १९०३ चा. म्हणजे बेळगाव सुटले तेव्हा त्यांचे वय सुमारे सात वर्षांचे होते, आणि आत्मवृत्त प्रसिद्ध झाले तेव्हा एकोणऐंशी. सायकलींचे दुकान व नोकरीचा राजीनामा हे प्रसंग तर त्यांच्या जन्मापूर्वीचे आहेत. त्यामुळे पित्याच्या पूर्वायुष्याचा जो भाग ह्या ग्रंथाचा पाया आहे तो मुलाने पाहिलेला नसून घरात ऐकलेला आहे. ऐकीव स्मृती खोटी असते असा ह्याचा अर्थ नव्हे. परंतु ती पुनःपुन्हा सांगितली गेलेली असते, आणि सांगताना तिचे कोपरे झिजून तिला गोटीसारखा गुळगुळीतपणा येतो. शिवाय हे घर म्हणजेच कारखाना होता. १९२० साली ह्याच वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र निघू लागले व त्याचे संपादन घरातीलच शंकरराव किर्लोस्कर करीत. कुटुंबाची आठवण आणि व्यवसायाची जाहीर ओळख ह्या दोन गोष्टी तेथे आरंभापासून एकमेकींत मिसळलेल्या होत्या. बालपणाच्या स्मृतीचा शोध घेणाऱ्या वाचकाने हे मिश्रण ध्यानात ठेवूनच पुढे गेले पाहिजे.

ग्रंथाचे शीर्षकच त्याची दृष्टी सांगते. निवडुंग हा मूळचा माळ व गुलाब ही माणसाच्या हातची निर्मिती. ह्या प्रतिमेत स्थलांतराचे रूपांतर स्थापनेत झालेले आहे. एका गावातून निघून जावे लागले ही घटना दुसरे गाव वसविले ह्या घटनेची केवळ प्रस्तावना ठरते. टाटांचा पोलाद कारखाना साकचीस उभा राहत होता त्याच सुमारास एका खाजगी मराठी कुटुंबाने आपली औद्योगिक वसाहत उभारावी, ही गोष्ट निःसंशय असामान्य होती. ती सांगताना पुत्राला अभिमान वाटावा हे स्वाभाविकच आहे. परंतु स्थापनाकथेचा एक धर्म असा की, ती आरंभापूर्वीचे सारे रिकामे मानते. माळ उजाड असतो. तेथे सापविंचू असतात. माणसे नंतर येतात. त्याचप्रमाणे मागे राहिलेले बेळगावही हळूहळू केवळ एक कारण बनून राहते. सात वर्षांच्या मुलाचे अंगण, शेजार, खेळगडी, कानडी-मराठी मिश्रित बोली, ह्यांपैकी काय तुटले, हा प्रश्न स्थापनाकथेला पडत नाही. ज्याला ‘गमावले’ म्हणावयाचे तेच तिच्या हिशेबी ‘मिळविले’ ह्या रकान्यात जमा होते.

ह्या रूपांतराला लेखनभाषेचाही हातभार लागला आहे. लक्ष्मणरावांपाशी यंत्रविद्येची पदवी नव्हती. त्यांचे ज्ञान रेखनफलकावर व कामाच्या जागी कमावलेले होते. पुत्र १९२२ ते १९२६ ह्या काळात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत शिकला व पदवीधर होऊन परतला. ‘इंजिनियर’ हा शब्द दोघांनाही लागतो, पण दोन अर्थांनी. पहिल्या अर्थी तो हाताचा गुण आहे. दुसऱ्या अर्थी ती विद्यापीठाची मान्यता आहे. पुत्राने पित्याचे आयुष्य ज्या भाषेत मांडले ती पदवीची भाषा होय. त्यामुळे पित्याची धडपड प्रयोग, उत्पादन, बाजारपेठ ह्या संज्ञांत सुस्पष्टपणे उतरते. मात्र घरातील नात्यांची संबोधने, स्वयंपाकघर, आजारपण, रुसवे ह्यांचा आवाज त्या भाषेत क्षीण होतो. शंकरराव किर्लोस्करांचे ‘शंवाकिय’ हे मराठी आत्मचरित्र ह्यासाठी जोडीने वाचण्यासारखे आहे. ते चित्रकलेचे विद्यार्थी व मासिकाचे संपादक. त्यांच्या दृष्टीने लक्ष्मणराव हे पिता नव्हेत, काका. एकाच माणसाची पुत्राने केलेली आणि पुतण्याने केलेली आठवण भाषा, व्यवसाय व नाते ह्या तिन्ही अंगांनी वेगळी पडते, हे ह्या दोन ग्रंथांच्या तुलनेतून उघड होते.

तथापि, स्थापनाकथेची खरी कसोटी लागते ती दुसऱ्या महायुद्धाच्या व युद्धोत्तर काळात. पहिले स्थलांतर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी झाले होते. आता घर एका ठिकाणाहून अनेक ठिकाणी विखुरले. १९४१ साली म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे यंत्रावजारांचा कारखाना निघाला. युद्ध संपल्यावर १९४६ साली पुण्यात तेल-एंजिनांचा व बंगळूरला विजेच्या यंत्रांचा असे दोन उद्योग सुरू झाले. भाऊ निरनिराळ्या शहरांत गेले. वाडी हे मूळ स्थान राहिले, पण केंद्र राहिले नाही. ह्या विखुरण्याचे व्यावसायिक कारण स्पष्ट आहे आणि त्याला ‘विस्तार’ असे नाव देता येते. परंतु कुटुंबाच्या दृष्टीने पाहता विस्तार आणि पांगापांग ह्यांतील सीमारेषा फार पुसट असते.

त्यातच १९४८ चे वर्ष आले. महात्मा गांधींच्या हत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मण कुटुंबांची घरे व उद्योग ह्यांवर जी जाळपोळ झाली तिची झळ किर्लोस्करवाडीलाही पोचली. त्याच वर्षी औंध संस्थान विलीन झाले. ज्या राजाश्रयाने १९१० चे स्थलांतर शक्य केले होते तो आश्रय, आणि ज्या भोवतालात अडतीस वर्षे काढली त्या भोवतालाशी असलेले नाते, ह्या दोहोंना एकाच वर्षी धक्का बसला. निवडुंग आणि गुलाब ह्या प्रतिमेत ह्या घटनेला जागा नाही. आग लावणारे हात निवडुंगाचे नव्हते. ते माणसांचे होते. माळ रिकामा होता ही कल्पना येथे अपुरी पडते. वाडीच्या शेजारचे कुंडल हे गाव १९४३ नंतर साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या चळवळीचे एक प्रमुख केंद्र बनले होते. तेथील तरुणांच्या मनात समाजरचनेविषयी वेगळीच आकांक्षा आकार घेत होती. प्रतिसरकार आणि १९४८ ची जाळपोळ ह्यांचा कार्यकारणसंबंध जोडण्याचा येथे हेतू नाही. वाडीच्या सभोवती आपापला इतिहास असलेली माणसे राहत होती, एवढेच दाखवावयाचे आहे. स्थापनाकथा त्या माणसांना कामगार, गिऱ्हाईक वा सुधारलेला गुन्हेगार म्हणून ओळखते; शेजारी म्हणून क्वचितच ओळखते.

ह्याउलट दुसऱ्या एका मराठी ग्रंथाकडे पाहावे. दया पवार ह्यांचे ‘बलुतं’ १९७८ साली, म्हणजे ‘कॅक्टस अँड रोझेस’च्या अवघी चार वर्षे आधी, प्रसिद्ध झाले. त्यातही बालपण आहे, यंत्रयुगाच्या पदरी राबणारा पिता आहे आणि घराचे स्थलांतर आहे. वडील मुंबईच्या गोदीत कामगार, बिऱ्हाड कावाखान्यात, आणि पुढे मुंबई सुटून गावी परतणे. पण येथे कोणताही माळ वाट पाहत नाही व कोणी राजा जमीन देत नाही. परतण्याचे ठिकाण म्हणजे ज्या व्यवस्थेतून सुटका हवी होती तेच गाव. त्यामुळे ह्या स्मृतीला स्थापनेचा आधार मिळत नाही आणि ती गुळगुळीतही होत नाही. पित्याचे प्रेम, त्याची व्यसने, त्याची हतबलता ही सर्व एकाच वेळी तिच्यात राहतात. दोन्ही पुत्र पित्याविषयी कृतज्ञ आहेत. फरक असा की, एकाला पित्याचे कार्य दाखवून पित्याविषयीचे मौन झाकता येते. दुसऱ्यापाशी झाकण्यासाठी काहीच नाही. वाङ्मयीन दृष्ट्या दुसरी स्थिती अधिक फलदायी ठरली, ही गोष्ट आत्मचरित्राच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवावी.

ह्या विवेचनाचा संबंध केवळ दोन ग्रंथांपुरता नाही. छत्रपती संभाजीनगरच्या बाहेर, पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाळूजची औद्योगिक वसाहत आहे. बजाज कंपनीचा तेथील कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्या नावाने वडगाव कोल्हाटीच्या हद्दीत बजाजनगर ही वस्ती वाढली. किर्लोस्करवाडीप्रमाणेच येथेही उद्योगाचे नाव गावाचे नाव झाले आहे. परंतु ज्या कुटुंबाचे हे नाव ते कुटुंब येथे राहत नाही. येथे राहतात ते मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून कामासाठी आलेले फिटर, टर्नर, पर्यवेक्षक, इंजिनियर आणि त्यांची मुले. ह्या परिसराला पाणी मिळते ते पैठणच्या जायकवाडी जलाशयाचे. त्या धरणाची कोनशिला पंतप्रधान लालबहादूर शास्त्री ह्यांनी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी, पाकिस्तानशी झालेले युद्ध थांबल्यावर महिन्याच्या आत, बसविली, आणि १९७६ साली त्याचे उद्घाटन झाले. गोदाकाठची कित्येक गावे त्या जलाशयाखाली गेली. धरण बांधणाऱ्या अभियंत्याच्या मुलाची आठवण आणि धरणाने उठविलेल्या शेतकऱ्याच्या मुलाची आठवण ह्या दोन्ही एकाच पाण्याशी बांधलेल्या आहेत. पहिलीच्या दृष्टीने ते पाणी म्हणजे पित्याचे कर्तृत्व होय. दुसरीच्या दृष्टीने तेथेच पित्याचे घर होते.

ह्या दोन स्मृतींपैकी कोणती वाङ्मयात उतरते आणि कोणती उतरत नाही, हे केवळ लेखनकौशल्यावर अवलंबून नसते. ऐकणारा कोणत्या प्रकारची गोष्ट ऐकावयास बसला आहे ह्यावरही ते अवलंबून असते. औद्योगिक वसाहतींतील आठवणी संकलित करू पाहणारा विद्यार्थी जर ‘कॅक्टस अँड रोझेस’ हाच नमुना मनात धरून गेला, तर त्याला गुलाबांचीच गोष्ट ऐकू येईल. मंडळीही तीच सांगतील, कारण यशाची गोष्ट सांगणे सर्वांनाच सोपे जाते. म्हणून अशा प्रत्येक स्मृतीला तीन प्रश्न विचारणे आवश्यक आहे. जी जागा सोडली तिच्यातील कोणत्या वस्तू, कोणती माणसे निवेदनात उरली आहेत? जी जागा मिळाली तेथे आधी कोण होते? आणि पित्याचे काम वजा केले असता पिता म्हणून काय शिल्लक राहते?

शंतनुरावांच्या ग्रंथाला हे प्रश्न विचारल्याने त्याची योग्यता उणावत नाही. पहिल्या पिढीच्या मराठी कारखानदाराचे धैर्य, त्याची चिकाटी, निरुपयोगी मानलेल्या माणसांवर व जमिनीवर टाकलेला त्याचा विश्वास, ह्यांचे इतके प्रत्यक्ष निवेदन दुर्मिळ आहे. परंतु ह्या प्रश्नांमुळे ग्रंथाच्या मर्यादा दिसतात आणि त्या मर्यादांतूनच पुत्राचे मन अधिक कळते. पुण्याच्या मॉडेल कॉलनीतील शंतनुरावांच्या बंगल्याचे नाव ‘लकाकी’ आहे. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर ह्या नावाची ती आद्याक्षरे, आणि बाहेरच्या रस्त्यालाही तेच नाव मिळाले आहे. पित्याचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. त्यानंतर सुमारे पाच आठवड्यांनी, १ नोव्हेंबरला, राज्यपुनर्रचना होऊन गुर्लहोसूर आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. जे घर १९१० साली सोडले होते ते आता राज्याच्या सीमेपलीकडे राहिले. वारंवार जागा बदललेल्या घराने अखेरीस पित्याचे नावच भिंतीवर लावून घ्यावे, ह्यात स्थापनेचा अभिमान आहे तसाच तुटलेपणाचाही अंश आहे. ग्रंथाने पहिला मोकळेपणाने सांगितला. दुसरा शोधून काढणे हे समीक्षेचे काम आहे.