साक्षीदार कीं भागीदार?

ग्रंथाचें परीक्षण करतांना प्रथम प्रस्तावना वाचावी, असा प्रघात आहे. 'होर्तुस मलबारिकुस' या बारा खंडांच्या लॅटिन वनस्पतिग्रंथापुरता वाचकांनीं तो मोडावा आणि पहिल्या खंडांतील साक्षीपत्रें आधीं पाहावीं, असें आम्हांस वाटतें. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हेडे यानें सिद्ध केलेला हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळांत ॲम्स्टरडॅम येथें छापला गेला. त्यांतील एक साक्षीपत्र कोंकणी भाषेंत व नागरी अक्षरांत आहे. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तिघां वैद्यांनीं तें १६७५ सालीं दिलें. दुसरें मलबारी वैद्य इट्टी अच्युतन यांचें आहे.

याचें मोल तुलनेनें कळतें. गार्सिया द ओर्ता याचा औषधींवरील संवादग्रंथ गोव्यास १५६३ सालीं छापला. त्यांत मुख्यतः स्वतः ओर्ता व त्याचा कल्पित मित्र रुआनो हेच बोलतात. देशी वैद्याच्या वाट्यास फार थोडीं वाक्यें येतात. व्हान ऱ्हेडेनें वैद्यांस नांव दिलें, आणि त्यांचीं अक्षरेंहि छापलीं. हा त्याचा मोठेपणा आम्ही मोकळेपणानें मान्य करतों.

परंतु एक उणीव सांगितलीच पाहिजे. इट्टी अच्युतन यांचें सांगणें मल्याळींतून पोर्तुगीजमध्यें व शेवटीं लॅटिनमध्यें गेलें. सांगणाराला ग्रंथ वाचून 'हें असें नव्हे' म्हणण्याची सोय उरली नाहीं. के. एस. मणिलाल यांचें इंग्रजी भाषांतर निघालें तें २००३ सालीं, म्हणजे सव्वातीनशें वर्षांनीं!

हा प्रश्न जुन्या पोथीपुरता नाहीं. उद्यां आमच्या ठाण्याजवळ बाळकुमास कोणी विद्यार्थी वही घेऊन झाडपाला देणाऱ्या एखाद्या आजीबाईंकडे गेला, तर तोहि त्यांचें नांव आदरानें छापील. पण काय विचारावें हें त्यांच्याशीं बोलून ठरवील काय? लिहिलेलें त्यांना मराठींत वाचून दाखवील काय? एखादी मुळी गुप्त ठेवावी असें त्या म्हणाल्या, तर ओळ खोडील काय? आजीबाईंचें प्रत्येक औषध गुणकारी मानावें, असें आमचें म्हणणें नाहीं. परीक्षा अवश्य व्हावी. मात्र त्या परीक्षेंत त्यांचाहि शब्द असावा.

साक्षीदाराला विचारलें तेवढेंच सांगावें लागतें. भागीदाराला हिशेब मागतां येतो. व्हान ऱ्हेडेनें वैद्यांना पहिला मान दिला. दुसरा देण्याचें काम आजच्या संशोधकांकडे राहिलें आहे.